डक्टवालीचा नंबर

साडेचार वर्षांच्या पोरीला लघवीचं इन्फेक्शन कशामुळे झालं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा आमच्या घरातली तीन शिकलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. ताई, दाजी आणि मी. ज्या पोरीबद्दल विचारत होत्या ती माझी भाची टेबलाखाली शिरली होती आणि तिथून किंचाळत होती, "मला नको! मला जाळीत नको नेऊ!"

बाहेर बाकावरचे पेशंट हसायला लागले. "इंजेक्शनला घाबरली वाटतं." कंपाउंडर हसला. दाजी पण कसनुसं हसले. मी नाही हसलो. मी रविवारी लोकांच्या पोरांच्या वाढदिवसाला मिमिक्री करतो, हसवणं माझा धंदा आहे. पोरं मजेत ओरडतात तेव्हा कशी ओरडतात ते मला झोपेत पण कळतं. हे ते नव्हतं. आणि दवाखान्यात जाळी कुठून आली?

"ही शू धरून ठेवते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दिवसभर. औषध मी देते, पण का धरते ते शोधा. नाही शोधलं तर परत होईल, आणि सारखं सारखं झालं तर किडनीपर्यंत जातं."

किडनी म्हटल्यावर ताईचा चेहरा असा झाला की मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आम्ही दिंडोशीला राहतो, सात मजली बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. घर ताई-दाजींचं. मी सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात शिकून इथे आलेला, सोफ्यावर झोपणारा मामा. ताई मरोळला एका कंपनीत पॅकिंगवर असते. दाजी एका कॉलेजच्या लॅबमध्ये. माझी मालाडच्या कॉल सेंटरला पहाटेची शिफ्ट. पोरगी दिवसभर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पाळणाघरात. संध्याकाळी तिला वर घेऊन यायचं काम माझं.

तर ही पोरगी गेले काही आठवडे एकटी टॉयलेटमध्ये जात नव्हती. आधी म्हणाली, दार उघडं ठेव. मग म्हणाली, हात धर. मग जायचंच बंद. पायाला पाय घासत उभी राहायची, तोंड लालभडक, आणि विचारलं की, "नाय आली." शेवटी चड्डीत व्हायची आणि रडायची. आम्हाला वाटलं, लाड चाललेत.

खोदून खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाली, "ती असते ना आत. हात घालते."

आमच्या टॉयलेटला वरच्या बाजूला लोखंडी जाळीची खिडकी आहे. ती उघडते डक्टमध्ये. मुंबईत राहणाऱ्याला डक्ट काय ते सांगायला नको. बिल्डिंगच्या पोटातली ती काळोखी विहीर, सगळ्या मजल्यांचे पाइप, कबुतरं, आणि वरच्या मजल्यावर फ्लश केला की असा आवाज येतो, जसा कोणी घशात पाणी अडकून ओरडतोय. मी तो आवाज हुबेहूब काढतो. आमच्या ऑफिसात माझ्या या आयटमला फार मागणी आहे.

आता सल्ले सुरू झाले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अगं दृष्ट काढ, मीठ-मोहरी ओवाळ, आणि दाराला एक लिंबू बांध." यावर दाजी उसळले. "आपल्या घरात हे चालत नाही वहिनी. आम्ही रविवारी विहारात जाणारी माणसं. भूत नसतं, विषय संपला." एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण दाजी लॅबवाले. त्यांनी पोरीला समोर बसवलं आणि चष्मा वर सारून म्हणाले, "बाळा, तू तिला पाहिलंस का? नाही ना? मग पुरावा काय?"

साडेचार वर्षांच्या पोरीला. पुरावा.

पोरगी म्हणाली, "ती दिसत नाय. म्हणूनच तर."

दाजींनी चष्मा परत खाली घेतला. मी त्याहून मोठा शहाणपणा केला. झाडू घेतला, टॉयलेटमध्ये घुसलो आणि पिक्चरमधल्या हिरोच्या आवाजात जाळीवर धडाधड मारलं. "चल निघ! परत आलीस तर बघ!" दोन कबुतरं फडफडत उडाली, आणि बाहेर पोरीने हॉलच्या दुसऱ्या टोकाला पळ काढला. मी घाम पुसत आलो तर ती डोळे मोठे करून विचारते, "म्हणजे ती खरंच आहे ना मामा?"

वाट लागली. दाजींनी भूत पुसून टाकलं होतं, मी त्याला मारून मारून खरं केलं.

एक सांगतो, मग पुढे जातो. माझ्या शाळेत मोडक्या बाकांची एक बंद खोली होती. गुरुजी सांगायचे, आत मुंजा बसलाय, ज्याचे पाढे चुकतात त्याला आत बोलावतो. पाढे मला आजतागायत येत नाहीत. पळायला मात्र झकास शिकलो. त्या खोलीवरून जाताना मी असा पळायचो की स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्या मुंजाची भीती गेली कशी, तर एक दिवस मधल्या सुट्टीत मीच गुरुजींच्या आवाजात मुंजा झालो आणि बाकीच्यांना पाढे विचारले. माझी पहिली मिमिक्री ती. भूत व्हायला मिळालं की घाबरायला वेळच उरत नाही.

ते आठवलं, म्हणून त्या शनिवारी दुपारी मी ताईचा गाऊन काढला आणि पोरीसमोर टाकला.

"ऐक ना. आज मी तू होतो. तू ती हो."

"मी ती?"

"हां. मी शूला आलोय. मला घाबरव."

ती आधी लाजली. मग गाऊन डोक्यावरून घातला, सोफ्यावर चढली. मी पायाला पाय घासत, तिचंच तोंड करून आलो. "आई गं, शू आली, शू आली..." ती खुदकन हसली. आणि मग तिने आवाज काढला.

"ए. डोळे मिट बघू. मिट म्हटलं ना? नायतर हाक मारू का डॉक्टरवालीला? मारू? ती जाळीतून हात घालते आणि नेते हां. मग तुझी मम्मी आली तरी मी नाय सांगणार कुठे गेलीस. काय?"

माझा घासणारा पाय तिथेच थांबला.

भूत असं बोलत नाही हो. भूत "हूऽऽ" करतं, "खाऊ का गिळू" करतं. हा आवाज माणसाचा होता. नाकातून येणारा, गोड. वाक्य संपलं की जिभेने टाळूवर टक् करून "काय?" विचारणारा. मिमिक्री म्हणजे दुसरं काय असतं, समोरच्याचं असलं बारीकसारीक उचलायचं. माझ्या भाचीने तो टक् सुद्धा उचलला होता. हा आवाज मी रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या दारात ऐकत होतो. "आली हो तुमची राजकन्या. जेवली सगळं. झोपली पण शहाण्यासारखी. काय?"

"डॉक्टरवाली कोण गं?" मी गाऊनला विचारलं.

गाऊन म्हणाला, "जाळीत राहते ना ती. काकूंच्या बाथरूममधून आपल्या बाथरूममध्ये येते. पाइपातून."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काकू म्हणत होत्या डक्टवाली. साडेचार वर्षांच्या पोरीला डक्ट काय माहीत? तिला माहीत असलेला शब्द डॉक्टर. म्हणजे ज्या बाईला घाबरून पोरगी आजारी पडली, बरी व्हायला आम्ही तिला उचलून थेट त्याच बाईच्या केबिनमध्ये नेलं होतं. आणि लोक हसत होते. इंजेक्शनला घाबरली म्हणे.

राग म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. कॉल सेंटरला रोज शिव्या खातो मी, मला राग येत नाही. हा वेगळा होता. कानशिलं वाजत होती.

सोमवारी पोरीला आणायला गेलो तेव्हा दारातच विचारलं, "काकू, डक्टवाली कोण हो?"

काकू आधी हसल्या. "अय्या, सांगितलं वाटतं तिने? अहो गंमत असते ती. सगळ्यांच्याच घरी असतो की बागुलबुवा."

"पोरगी टॉयलेटला जात नाही काकू. औषध चालू आहे तिचं."

"ते पाणी कमी पीत असेल. हे बघा, मी एकटी बाई इतकी पोरं सांभाळते. दुपारी झोपली नाहीत तर माझी काय हालत होते माहितीय? आमच्या आईने आम्हाला याच्या दुप्पट घाबरवलं. आम्ही काय मेलो? आजकालची पोरंच नाजूक. आणि त्यांचे मामा त्याहून. काय?"

टक्. काय?

माझं डोकंच फिरलं. आणि डोकं फिरलं की मला शिवी येत नाही, आवाज येतो. मी तिथेच, उघड्या दारात, नाकातून, गोड, "ए. डोळे मिट बघू. नायतर डक्टवालीला हाक मारू का? मारू? मम्मी आली तरी मी नाय सांगणार हां कुठे गेलीस. काय?"

टक् सकट.

जिन्यात भाजी घेऊन चाललेले दोघे-तिघे थांबले आणि फुटलेच. "अरे सेम टू सेम!" आतून पोरं बाहेर डोकावली. ती हसत नव्हती. त्यातल्या दोघांनी तर पटकन डोळे मिटले.

काकूंनी ते मिटलेले डोळे पाहिले की नाही मला माहीत नाही. त्यांनी हसणारे शेजारी पाहिले. चेहरा काळाठिक्कर. पोरीची बॅग माझ्या छातीवर आपटली. "उद्यापासून हिला आणायचं नाही. सर्कस करा घरी."

टाळ्या मिळाल्या आणि पाळणाघर गेलं.

ताई घरी आली, तिने सगळं ऐकलं, आणि जी भडकली. काकूंवर नाही, माझ्यावर.

"तुला मिमिक्री सुचते रे! उद्या हिला ठेवू कुठे? मरोळला घेऊन जाऊ? खोक्यात घालून पॅक करू?"

"पण ताई, ती बाई..."

"ती बाई काय आहे ते मला कळत नाही का? माझी पोर आहे ती! पण या बिल्डिंगीत दुसरं पाळणाघर आहे का? पलीकडच्या बिल्डिंगीत वेटिंग आहे. माझ्या सुट्ट्या संपल्यात, तुझ्या दाजींच्या कॉलेजात परीक्षा चालू आहेत, तू पहाटे जाऊन दुपारी मुडद्यासारखा झोपतोस. सांग ना, काय करू? काढ ना माझ्या मॅनेजरचा आवाज आणि दे मला सुट्टी!"

दाजी मध्ये म्हणाले, "आपण शांतपणे..." ताईने नुसतं बघितलं, दाजी शांतपणे किचनमध्ये गेले.

आणि मग माझी ताई, दिवसभर उभं राहून आलेली, पदर सारखा करून दुसऱ्या मजल्यावर गेली. मी मागे गेलो. तिने माफी मागितली. माझ्या वतीने. "लहान आहे हो तो, कळत नाही त्याला." काकू सोफ्यावर बसून टीव्ही बघत ऐकत होत्या. "ठीक आहे, पोरीकडे बघून घेते. पण मला माझ्या पद्धतीने सांभाळू द्यायचं. काय?"

मी जिन्यातल्या भिंतीला लाथ मारली. अंगठा सुजला. भिंतीला काय फरक पडतोय.

म्हणजे परिस्थिती अशी. डक्टवाली तिथेच. काकू तिथेच. पोरगी रोज तिथेच जाणार. भूत हटवायची परवानगीच नव्हती आम्हाला. मग त्याचं काहीतरी दुसरं करणं भाग होतं, आणि औषधाची बाटली संपायच्या आत.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरातून तिला घेतलं आणि उजेड होता तोवर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात नेलं. तिथे डक्टची एक मोठी खिडकी आहे, प्लंबरसाठी. तिला कडेवर घेतलं. "बघ, याला म्हणतात डक्ट. डक्ट. डॉक्टर वेगळा. म्हण."

"डक्ट." तिने माझी मान घट्ट आवळली होती. मग हळूच वाकून बघितलं. तळाला कोणाचा तरी चमचा पडलेला, एक फुटका बॉल, कोणाची तरी चड्डी, आणि सगळ्यावर कबुतरांची शी.

"ई! ती इथे राहते?"

"कोण जाणे. राहते का?"

"तिच्या केसात शी पडत असेल."

"बिचारी."

इतक्यात वर कोणीतरी फ्लश केला आणि तो घशातला आवाज पाइपातून खाली आला. पोरीची नखं माझ्या मानेत रुतली. या वेळी मी हिरो झालो नाही. झाडूवाला मामा एकदा तोंडावर पडला होता.

मग तीच म्हणाली, "मामा, इथे बाथरूम कुठेय?"

"कुठे?"

"इथे. तिचं बाथरूम. तिला शू आली तर ती कुठे जाते?"

आईशप्पथ, मला हे सुचलं नसतं. दाजींना नाही, डॉक्टरबाईंना नाही, जगात कोणाला नाही. मी म्हटलं, "नसेल गं. धरून ठेवत असेल."

"म्हणून ओरडते," पोरगी म्हणाली. एकदम खात्रीने. "तिला दुखतं. मला दुखतं तसं."

घरी आलो ते डक्टवालीची सोय करायलाच. पोरीने आपला बाहुलीचा टब दिला. तो जाळीखालच्या फळीवर ठेवला. मी विचारलं, "आता ती बोलणार कशी? मोठ्या आवाजात?" आणि थोडासा नाकातला आवाज काढून दाखवला.

"तो नको!" ती ओरडली. मग विचार करून म्हणाली, "ती छोटी आहे. माझ्याएवढी. तिला काकू हाक मारतात ना, तेव्हा तिला यायचं नसतं. ती पण काकूंना घाबरते."

मी तोंड फिरवलं. डोळ्यात काहीतरी गेलं म्हटलं.

मग मी जाळीमागचा आवाज झालो. बारीक, चिरका, रडवेला. "ऐका ना... मला शू आलीय... मी आत येऊ?"

पोरगी कमरेवर हात ठेवून, हुबेहूब ताई. "आधी माझा नंबर. मी करते, मग तू कर. ढकलायचं नाय. आणि हात आत घालायचा नाय, हात धुतलेस का?"

"नाही..."

"शी! चल, साबण लाव."

त्या दिवशी दार उघडं होतं, मी दारातच उभा होतो, आणि माझा हात तिच्या हातात होता. पण झाली. मग रोज खेळलो. कधी ती डक्टवाली, कधी मी. कधी दाजींना पकडून आणलं. दाजींनी आधी, "पण याने अंधश्रद्धा..." म्हणून सुरुवात केली. पोरीने त्यांच्या हातात टब दिला. "पप्पा, तू धर. तिला पडायला होतं." आणि आमचे लॅबवाले दाजी, भूत न मानणारे, जाळीखाली टब धरून गुपचूप उभे राहिले. मी विचारलं, "दाजी, पुरावा?" ते म्हणाले, "गप बस."

दवाखान्यात परत गेलो तेव्हा तिने दारातूनच डॉक्टरबाईंना नीट बघितलं. "तू डॉक्टर. डक्ट वेगळं," असं त्यांनाच समजावून आत गेली. डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. रिपोर्ट चांगला आला तेवढं आम्हाला कळलं.

आणि मग एका संध्याकाळी पाळणाघराच्या दारात काकू लालबुंद होऊन माझी वाटच बघत होत्या.

"तुमच्या पोरीने माझी सगळी पोरं बिघडवली! दुपारी मी म्हटलं, झोपा, नायतर डक्टवाली येईल. तर ही उठून मला म्हणते, हळू बोला काकू, ती घाबरते. आणि सगळ्यांना रांगेत बाथरूमला घेऊन गेली! प्रत्येक जण जाळीकडे बघून ओरडतोय, ये गं, आता तुझा नंबर! एक जण झोपला नाही. एक जण! आता मी यांना झोपवू कशी? काय?"

मला ती डोळे मिटलेली दोन पोरं आठवली. किती दिवस किती पोरं शू धरून बसली असतील त्या घरात? त्यांच्या घरी पण म्हणत असतील, लाड चाललेत. राग कमी झाला नाही माझा. आजही नाही. स्वतःच्या दुपारच्या आरामासाठी दुसऱ्याच्या पोराच्या पोटात भीती घालणाऱ्या बाईला मी माफ केलेलं नाही, आणि ताईला तिची माफी मागावी लागली हे तर मी विसरणारच नाही. टाळूला जीभ लागली होती, टक् अगदी तयार होता.

पण ताईची शिफ्ट आठवली. जीभ गिळली. "गोष्ट सांगून बघा काकू," एवढंच म्हणालो, माझ्या स्वतःच्या आवाजात. मला स्वतःचा आवाज फारसा वापरायची सवय नाही. विचित्रच वाटला.

वर आलो. पोरीने चपला भिरकावल्या आणि टॉयलेटकडे पळाली. मी सवयीने मागे गेलो, हात पुढे केला.

"तू बाहेर जा," ती म्हणाली.

"बाहेर कुठे?"

"बाहेर. दार लाव. आणि ऐकू नकोस."

मी दार लावलं. डक्टवाली आमच्याकडे आली तेव्हापासून पहिल्यांदा ते दार पूर्ण लागलं. ताई नुकतीच आली होती, पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्या शेजारी उभी राहिली. तेवढ्यात वर कोणीतरी फ्लश केला. सगळ्या पाइपांतून तो घशातला आवाज गडगडत खाली आला. ताईने माझं मनगट धरलं. आतून काहीच आवाज नाही.

मग आला.

"अगं थांब की जरा! दिसत नाय का, माझा नंबर चालूय!"